संगणकावर मांगा वाचायला सॉफ्टवेअर कसं निवडावं

मांगा म्हणजे उजवीकडून डावीकडे वाचायची जपानी चित्रकथा. मांगाकार समोरासमोरची दोन पानं एकत्र धरून चित्र रचतो. पान उलटल्यावर नजर आधी कुठे पडावी, कोणती चौकट लांबवावी, कुठलं दृश्य दोन्ही पानांवर पसरावं, हे सगळं त्याने ठरवलेलं असतं. मोबाइलच्या उभ्या पडद्यावर ही रचना तुटते आणि दोन पानांवरचं भव्य दृश्य अर्धं-अर्धं बघावं लागतं. संगणकाचा पडदा आडवा असल्यामुळे तिथे ती जशीच्या तशी दिसू शकते. मात्र त्यासाठी सॉफ्टवेअर नीट निवडावं लागतं आणि निवडल्यावर नीट लावावंही लागतं.

नवा वाचक अडतो तो इथेच. 'मांगा रीडर' असं शोधलं की नावांचा ढीग समोर येतो. प्रत्येक यादीत पहिला क्रमांक वेगळ्याचाच. त्यातली बरीचशी सॉफ्टवेअर तुमच्या कामाचीच नसतात, कारण तुमचा मांगा कुठून येतो हे यादी करणाऱ्याला ठाऊक नसतं. म्हणून या लेखात आधी मांगा, मग फाइल आणि त्यानंतर सॉफ्टवेअर, असा क्रम ठेवला आहे.

हाताशी काय हवं

- विंडोज, मॅक किंवा लिनक्स असलेला कुठलाही चालू संगणक. ४ जीबी रॅमचा जुना लॅपटॉपही पुरतो.
- झिप आणि रार फाइल उघडणारं साधन. विंडोजवर सेव्हन-झिप मोफत आहे.
- चाचणीसाठी एक संपूर्ण खंड, ज्यात दोन पानांवर पसरलेलं निदान एक चित्र आहे.
- विकत घ्यायचं असेल तर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार सुरू असलेलं कार्ड.

१. मांगा कुठून येणार ते ठरवा

सॉफ्टवेअरची निम्मी निवड इथेच होऊन जाते.

पहिली वाट ब्राउझरची. शुएइशा या जपानी प्रकाशनाने जानेवारी २०१९ मध्ये 'मांगा प्लस' सुरू केलं. त्यावर चालू मालिकांची नवी प्रकरणं जपानबरोबरच इंग्रजीत येतात. बहुतेक मालिकांची पहिली तीन आणि ताजी तीन प्रकरणं संकेतस्थळावर मोफत वाचता येतात. इंग्रजीत मांगा छापणाऱ्या व्हिझ मीडियाची 'शोनेन जंप' ही सदस्यता भारतात मिळते आणि तीही ब्राउझरमध्ये चालते. एवढंच वाचायचं असेल तर वेगळं सॉफ्टवेअर लागतच नाही. चांगला ब्राउझर आणि विंडोज-लिनक्सवर फुल स्क्रीनसाठी एफ-११ ही कळ, बस्स. बरेच नवे वाचक विनाकारण तीन-चार प्रोग्रॅम बसवून बसतात आणि शेवटी वाचतात ब्राउझरमध्येच.

दुसरी वाट दुकानाच्या ॲपची. किंडलवर घेतलेला मांगा किंडलच्याच ॲपमध्ये उघडतो. संगणकावरचं किंडल ॲप वाचनाची दिशा पुस्तकातूनच ओळखतं, त्यामुळे उजवीकडून डावीकडे आपोआप जातं. पण ती फाइल तुमच्या हातात येत नाही. विकत घेतलेली किंडल पुस्तकं संगणकावर उतरवून यूएसबीने हलवण्याची सोय ॲमेझॉनने फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. कॉमिक्सॉलॉजी हे कॉमिक वाचकांचं आवडतं ॲपही किंडलमध्ये विलीन होऊन डिसेंबर २०२३ मध्ये संपलं. तिथली पुस्तकं किंडलमध्ये राहिली, पण वाचण्याची सवयीची सोय गेली. कादोकावा समूहाच्या बुकवॉकरवर घेतलेला मांगा त्यांच्या ब्राउझर-रीडरमध्ये वाचता येतो. या वाटेने जाणाऱ्याने रीडर शोधण्यात वेळ घालवू नये. दुकान निवडलं की रीडर ठरला.

तिसरी वाट स्वतःच्या फाइलींची, आणि रीडर निवडण्याचा खरा प्रश्न तिथे येतो. कायदेशीर फाइली कुठून मिळतात? पिक्सिव्ह या जपानी चित्रकारांच्या संकेतस्थळाच्या 'बूथ' या ऑनलाइन बाजारात स्वतंत्र जपानी मांगाकार आपली कामं झिप किंवा पीडीएफ स्वरूपात विकतात. काही निर्माते आपलं काम खुलं करतात. शूहो सातो यांनी 'ब्लॅक जॅक नी योरोशिकू' ही नवख्या डॉक्टरची मालिका सप्टेंबर २०१२ पासून कोणालाही वापरता येईल अशी मोकळी केली. चाचणीसाठी याहून चांगला मांगा नाही, कारण त्यात दाट संवाद, बारीक छटा आणि मोठी दृश्यं, सगळं आहे.

चोरीच्या स्कॅनच्या संकेतस्थळांबद्दल स्पष्ट सांगतो: त्यांच्या भरवशावर वाचन उभं करू नका. 'मांगामुरा' हे प्रचंड वाचक असलेलं जपानी संकेतस्थळ एप्रिल २०१८ मध्ये बंद पडलं आणि चालवणाऱ्याला पुढे तुरुंगवास झाला. अँड्रॉइडवरच्या 'ताचियोमी' या लोकप्रिय ॲपचं काम जानेवारी २०२४ मध्ये कायदेशीर इशाऱ्यानंतर थांबलं. निर्मात्याला पैसे मिळत नाहीत हे तर आहेच. शिवाय अशा संकेतस्थळांवरच्या 'डाउनलोड' बटणांमागे काय येईल याचा नेम नसतो.

सापळा: कार्ड. आपल्याकडे नव्या कार्डांवर आंतरराष्ट्रीय ऑनलाइन व्यवहार मुळातच बंद असतात. पैसे भरताना 'व्यवहार नाकारला' असं आलं की लोक दुकानाला दोष देतात. आधी बँकेच्या ॲपमध्ये ती सोय सुरू करा, मर्यादा लहान ठेवा आणि मग पुन्हा प्रयत्न करा.

२. फाइल ओळखायला शिका

सीबीझेड म्हणजे चित्रांनी भरलेली साधी झिप फाइल, फक्त शेपटी, म्हणजे नावातला टिंबानंतरचा शेवटचा भाग, बदललेली. सीबीआर म्हणजे तशीच रार फाइल. आत पान क्रमांकांची नावं दिलेली जेपीजी, पीएनजी किंवा वेबपी चित्रं असतात. यापलीकडे त्यात काही गुपित नाही आणि हीच तिची ताकद आहे. उद्या तुमचं सॉफ्टवेअर बंद पडलं तरी चित्रं तुमची तुमच्याकडे राहतात.

म्हणून निवडीची संधी मिळेल तिथे सीबीझेड घ्या. रार हे खासगी स्वरूप आहे. ते उघडायला बऱ्याच रीडरना वेगळा 'अनरार' प्रोग्रॅम लागतो आणि लिनक्सवर तो नसेल तर सीबीआर उघडतच नाही. सीबीआरचं सीबीझेड करणं सोपं आहे: सेव्हन-झिपने फाइल फोल्डरमध्ये सोडवा, ती चित्रं निवडून झिप बनवा आणि शेपटी सीबीझेड करा.

सापळा: विंडोज फाइलींची शेपटी लपवून ठेवतं. तुम्ही नाव बदलता आणि प्रत्यक्षात ती 'डॉट सीबीझेड डॉट झिप' होऊन बसते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू' मेनूत शेपट्या दाखवण्याचा पर्याय आहे, तो आधी सुरू करा.

पीडीएफ वाचता येते, पण पानांची दिशा आणि जोडणी यावर तिच्यात ताबा कमी राहतो. असलेल्या सीबीझेडची पीडीएफ मुद्दाम करू नका. कॅलिबर या ग्रंथसंग्रहाच्या सॉफ्टवेअरमधलं रूपांतर किंडलसारख्या ई-इंक यंत्रासाठी ठीक आहे. पण मूळ सेटिंग्जवर ते चित्रांवर प्रक्रिया करतं आणि संगणकावर वाचायला त्याची गरज नाही.

ईपब या ई-पुस्तकांच्या स्वरूपाची गोष्ट वेगळी. मांगाच्या नीट बनवलेल्या ईपबमध्ये पानं उजवीकडून उलटायची आहेत ही सूचना आतच लिहिलेली असते. ती पाळणारा रीडर हवा. थोरियम रीडर मोफत आहे, तिन्ही प्रणालींवर चालतो आणि ही सूचना पाळतो.

३. रीडरची परीक्षा घ्या

कुठलाही रीडर कायमचा स्वीकारण्याआधी चाचणीच्या खंडावर पुढच्या कसोट्या लावा. यातली दुसरी कसोटी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तीच कोणी बघत नाही.

दिशा. 'मांगा मोड' किंवा 'उजवीकडून डावीकडे' असा पर्याय हवाच. तो लावून दोन पानं एकत्र उघडा आणि लहान क्रमांकाचं पान उजवीकडे आलं का ते पाहा. मग डावा बाण दाबा. मांगात डावीकडे म्हणजे पुढे. काही रीडर पानं बरोबर मांडतात पण बाण उलटे ठेवतात, आणि हे हाताला सतत खटकत राहतं. बाणांचं काम बदलता येत नसेल तर पुढे जायला स्पेस बार वापरा.

इथे एक गोष्ट ध्यानात ठेवा. इंग्रजीतल्या जुन्या आवृत्त्यांत पानं आरशातल्यासारखी उलटवून छापत, म्हणजे डावीकडून वाचता यावीत. मग तलवारबाज डावखुरे दिसत आणि हृदय उजव्या बाजूला जाई. टोकियोपॉप या अमेरिकी प्रकाशनाने २००२ मध्ये मूळ दिशेने छापायला सुरुवात केली आणि हळूहळू तोच रिवाज झाला. जुना खंड हाती आला तर आधी दोन पानं वाचून दिशा ठरवा आणि मगच मांगा मोड लावा.

जोडपान. मुखपृष्ठ एकटं असतं आणि त्यानंतर पानं जोडीने येतात. फाइलमध्ये एखादं कोरं पान गाळलेलं असेल किंवा जाहिरातीचं पान जास्तीचं असेल, तर पुढची प्रत्येक जोडी चुकते. उजवं पान एका जोडीत, त्याचं डावं पान दुसऱ्या जोडीत. कथा वाचता येते, पण ज्या दृश्यासाठी चित्रकाराने दोन पानं खर्ची घातली ते दृश्यच तुटतं. चांगला रीडर ही जोडी एका पानाने सरकवू देतो. सुमात्रा पीडीएफमध्ये 'फेसिंग' लावलं तर १ आणि २ अशी जोडी लागते, 'बुक व्ह्यू' लावलं तर १ एकटं आणि २-३ ची जोडी. दोन्हींमध्ये अदलाबदल केली की बहुतेक वेळा जोडी जुळते. इतर रीडरमध्ये 'मुखपृष्ठ एकटं दाखवा' अशा अर्थाचा पर्याय शोधा.

आणखी एक बारकावा आहे. काही फाइलींमध्ये जोडपान आधीच चिकटवून एकच रुंद चित्र केलेलं असतं. रीडरने ते ओळखून एकटं दाखवलं पाहिजे. त्याच्या शेजारी दुसरं पान लावून दोन्ही बारीक केली तर तो रीडर सोडून द्या.

आठवण. खंड मधेच बंद करा, संगणक पुन्हा सुरू करा, खंड उघडा. त्याच पानावर यायला हवं. दिशा आणि जोडपानाची सेटिंगही तशीच राहायला हवी. प्रत्येक खंडाला ती पुन्हा लावावी लागली तर दहाव्या खंडापर्यंत तुम्ही कंटाळाल.

चित्राचा पोत. मांगातल्या राखाडी छटा बारीक काळ्या ठिपक्यांच्या असतात. मोठं चित्र लहान पडद्यावर घाईने आखडलं की त्या ठिपक्यांतून नको ते लाटांसारखे पट्टे उमटतात आणि लोकांना वाटतं स्कॅन खराब आहे. सेटिंग्जमध्ये चित्र आखडण्याची पद्धत निवडता येत असेल तर 'लँक्झोस' किंवा 'बायक्यूबिक' घ्या. पट्टे बरेच कमी होतात.

४. तुमच्या संगणकावर कोणतं

विंडोजवर मी नव्या माणसाला आधी सुमात्रा पीडीएफ बसवायला सांगतो. ते मोफत, मुक्त स्रोत आणि अतिशय हलकं आहे. सीबीझेड, सीबीआर, पीडीएफ सगळं उघडतं आणि 'व्ह्यू' मेनूत मांगा मोड आहे. चित्रांचं पुस्तक उघडलेलं असतानाच तो पर्याय दिसतो आणि दोन पानांच्या मांडणीतच त्याचा परिणाम होतो, हे माहीत नसल्याने बरेच जण 'मांगा मोड चालत नाही' म्हणून सोडून देतात. जुन्या, कमी रॅमच्या लॅपटॉपवर याच्याइतकं सुखाचं दुसरं नाही. उणीव एकच: संग्रहाची मांडणी ते करत नाही. तुम्ही फोल्डर उघडायचा, फाइल उघडायची.

मालिका पाच-सातच्या वर गेल्या की याक-रीडर घ्या. विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर एकच सॉफ्टवेअर चालतं. त्यात दोन प्रोग्रॅम येतात: एक वाचण्याचा, दुसरा ग्रंथालयाचा. ग्रंथालयात मुखपृष्ठं दिसतात, किती वाचून झालं ते कळतं आणि मालिकेला 'मांगा' अशी खूण करून ठेवता येते. दिशा दरवेळी लावायची कटकट मग राहत नाही. आज एकच सॉफ्टवेअर सुचवा म्हटलं तर मी हेच सुचवेन. ग्रंथालय बनवताना ते तुमच्या फोल्डरमध्ये स्वतःचा एक लपलेला फोल्डर तयार करतं. साफसफाईच्या भरात तो उडवू नका, वाचनाची नोंद त्यातच असते.

लिनक्सवर एम-कॉमिक्स हाही उत्तम पर्याय आहे. एम दाबलं की मांगा मोड, डी दाबलं की दोन पानं, इतकं सरळ. केडीई हा लिनक्सचा डेस्कटॉप वापरत असाल तर ओक्युलर आधीपासून असेलच आणि अधूनमधून एखादी फाइल बघायला तो पुरतो. मॅकवर याक-रीडर नको असेल तर 'सिंपल कॉमिक' हा लहानसा मोफत प्रोग्रॅम पानांचा क्रम उलटा करू देतो. ओपन-कॉमिक दिसायला सुंदर आहे आणि तिन्हीकडे चालतो, पण जुन्या लॅपटॉपवर जड जातो.

कॉमिक-रॅक हे नाव अजून बऱ्याच सल्ल्यांत भेटेल. एके काळी विंडोजवर त्याला तोड नव्हती. मूळ निर्मात्याचं काम थांबलं आणि पुढे वापरणाऱ्यांनीच 'कम्युनिटी एडिशन' चालू केली. घ्यायचंच तर ती घ्या, जुनी इन्स्टॉलर फाइल कुठल्याशा साठ्यातून उचलू नका. कॉमिक-रॅकने एक फार मोलाची गोष्ट मागे ठेवली: सीबीझेडच्या आत 'कॉमिक-इन्फो' नावाची एक छोटी मजकूर फाइल ठेवायची, जिच्यात मालिका, खंड, लेखक आणि वाचनाची दिशासुद्धा नोंदवलेली असते. आज इतर अनेक सॉफ्टवेअर तीच फाइल वाचतात. माहिती पुस्तकाच्या आतच राहिली म्हणून सॉफ्टवेअर थांबल्यावरही टिकली.

सापळा: शोधात वर येणारी जाहिरात. प्रसिद्ध मोफत सॉफ्टवेअरच्या नावाशी मिळतीजुळती बनावट संकेतस्थळं असतात. अधिकृत पत्ता प्रकल्पाच्या गिटहब पानावरून किंवा लिनक्सवर तुमच्या वितरणाच्या भांडारातूनच घ्या. आणि 'मांगा' म्हणून उतरवलेल्या फाइलची शेपटी 'ईएक्सई' असेल तर ती उघडू नका, थेट काढून टाका. मांगा कधीच प्रोग्रॅम नसतो.

५. पडद्याचा हिशेब करा

शोनेन, म्हणजे किशोरवयीन मुलांसाठीच्या, मांगाचा खंड साधारण ११ सेंटिमीटर रुंद आणि १७ सेंटिमीटर उंच असतो. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर फुल स्क्रीन केलं तर प्रत्येक पानाला जवळजवळ ७०० पिक्सेल रुंदी मिळते. दोन पानं सुखाने वाचता येतात. पण १३६६ बाय ७६८ च्या लॅपटॉपवर पानाची रुंदी ५०० पिक्सेलच्याही आत येते. इंग्रजी संवाद कसाबसा वाचता येतो, जपानी अक्षरांशेजारचे बारीक उच्चार मात्र पुसट होतात.

अशा पडद्यावर एकच पान 'रुंदीला बसवा' या पद्धतीने उघडा. एका पानासाठी साधारण तीन वेळा खाली सरकावं लागेल. मोठं दृश्य आलं की तेवढ्यापुरतं जोडपान लावायचं आणि परत यायचं. म्हणून या दोन मांडण्यांमध्ये एका कळीने जाता येणं लहान पडद्यावर फार उपयोगाचं ठरतं. वेगळा मॉनिटर असेल आणि त्याचा स्टँड फिरत असेल तर तो उभा करून डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दिशा बदला. १०८० रुंदीचं एक पान अख्खं दिसतं आणि ते वाचण्यात फार आनंद आहे.

पार्श्वभूमी काळी किंवा गडद राखाडी ठेवा. पांढऱ्या पार्श्वभूमीवर पानाची कड हरवते, आणि मांगात कड महत्त्वाची असते: भूतकाळातले प्रसंग दाखवताना पुष्कळ चित्रकार चौकटींभोवतीची जागा काळी करतात.

४ जीबी रॅम असेल तर पुढची पानं आधीच तयार ठेवण्याची संख्या कमी करा. १६०० बाय २४०० चं एक चित्र फाइलमध्ये लहान असलं तरी उघडल्यावर मेमरीत सुमारे १५ एमबी जागा घेतं. वीस पानं तयार ठेवली की ३०० एमबी गेले.

कोरियन वेबटून वाचत असाल तर हे सगळं विसरा. ती उभ्या, सलग पट्टीसाठी काढलेली असतात. 'सलग स्क्रोल' लावा, जोडपान बंद करा. अमर चित्र कथा किंवा चांदोबा यांसाठी मांगा मोड बंद करायला विसरू नका.

६. नावं नीट ठेवा

पानांच्या फाइलींना १, २, ३ अशी नावं असतील तर काही सॉफ्टवेअर १ नंतर १० दाखवतात, मग ११, आणि २ पार पुढे. उपाय जुना आहे: ००१, ००२, ००३. खंडांनाही तसंच: 'मालिकेचं नाव, खंड ०१'. प्रत्येक मालिकेला एक फोल्डर, त्यात खंडांच्या फाइली, बस. खंडाच्या आत प्रकरणांचे फोल्डर, त्यात आणखी फोल्डर, असं खोल जाऊ नका.

जपानहून आलेल्या झिप फाइलींमध्ये नावं जुन्या जपानी संकेतलिपीत असतील तर सोडवल्यावर ती निरर्थक चिन्हांसारखी दिसतात. चित्रांना काही झालेलं नसतं. क्रम बरोबर असेल तर घाऊक नामबदल करून टाका.

७. घरातल्या सगळ्यांसाठी एकच संग्रह

एकाच घरात दोन-तीन वाचक असतील, किंवा तुम्ही लॅपटॉपवर सुरू करून टॅबवर पुढे वाचत असाल, तर कोम्गा किंवा काविता पाहा. (हो, दुसऱ्याचं नाव खरंच तसं आहे.) हे घरच्या एका संगणकावर चालणारे सर्व्हर आहेत. बाकी यंत्रांवर काहीच बसवावं लागत नाही, ब्राउझर उघडला की झालं. प्रत्येकाचं खातं वेगळं आणि वाचलेलं पान दोघांचं वेगळं लक्षात राहतं. कोम्गा एका फोल्डरला एक मालिका मानतो आणि काविता फाइलींच्या नावांवर बराच विसंबून असतो. म्हणून सहावी पायरी आधी पूर्ण करा. कॉमिक-इन्फोमध्ये 'मांगा, उजवीकडून डावीकडे' अशी नोंद असेल तर कोम्गा दिशा आपणहून लावतो.

हे पहिल्या दिवशी करू नका. वीस-पंचवीस खंड होईपर्यंत याक-रीडर पुरेसा आहे. आणि करालच तेव्हा सर्व्हर घरच्या वाय-फायपुरता ठेवा. बाहेरून उघडता यावा म्हणून राउटरमध्ये वाट मोकळी करून देणं नवख्याने टाळावं.

८. जपानी शिकत असाल तर

पुण्यात जपानी शिकणाऱ्यांची मोठी परंपरा आहे आणि जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेचं केंद्रही तिथे आहे. मांगा हा त्यांच्यासाठी सरावाचा फार जिवंत साठा आहे, आणि संगणक इथे छापील पुस्तकाच्याही पुढे जातो. सुरुवात शोनेन मालिकांपासून करा. त्यांत सहसा प्रत्येक कांजीशेजारी (कांजी म्हणजे चिनी मूळ असलेली जपानी अक्षरं) फुरिगाना, म्हणजे उच्चार, छापलेला असतो. मोठ्यांसाठीच्या मालिकांत तो बहुधा नसतो.

साधनं दोन लागतात. मोकुरो हा मोफत प्रोग्रॅम चित्रांतली जपानी अक्षरं ओळखतो आणि त्यांवर निवडता येईल असा मजकूर ठेवतो. मग तो खंड ब्राउझरमध्ये उघडतो. योमितान हे ब्राउझरचं विस्तारक (एक्स्टेंशन) आहे: शब्दावर माउस नेला की अर्थ आणि उच्चार दाखवतं. त्यासाठी शब्दकोश मात्र सेटिंग्जमध्ये आपण वेगळा भरावा लागतो, कोरं बसवलं तर ते काहीच दाखवत नाही.

मोकुरोला आधी पायथॉन बसवलेलं लागतं. ग्राफिक कार्ड नसेल तर एका खंडाला बराच वेळ जातो, तेव्हा काम रात्री लावून ठेवा. अक्षरओळख शंभर टक्के बरोबर नसते. हातानं लिहिल्यासारखे आवाजांचे शब्द आणि फुग्याबाहेरची बारीक टिपणं तिथे हमखास चुकतात. शंका आली की चित्र मोठं करून स्वतः वाचा.

सगळं बसवूनही शब्दावर माउस नेल्यावर काही दिसत नसेल, तर बहुधा एकच परवानगी राहिलेली असते. क्रोममध्ये विस्तारकांच्या पानावर योमितानचा तपशील उघडा आणि संगणकातल्या फाइलींवर चालण्याची परवानगी देणारं बटण सुरू करा. पान पुन्हा लोड केलं की शब्दकोश चालू होतो.